स्पॅनिशचं दुसरं वर्ष

"पहिल्या वर्षी मुलांनी वस्तूंची नावं घेतली. दुसऱ्या वर्षी ती खोटं बोलायला शिकतील."

पालकांच्या सभेत उभं राहून मास्तर हे अगदी शांतपणे बोलले. हेडमास्तरांनी डोक्यावरची पगडी उगाचच सारखी केली. पुढच्या रांगेतले वकील, म्हणजे आमच्या शाळेतल्या द्वारकेचे वडील, खुर्चीत पुढे सरकले.

"काय शिकतील म्हणालात?"

"खोटं बोलायला," मास्तर म्हणाले. "इथे आंबा आहे, असं म्हणताना खोटं बोलता येत नाही. समोर बघितलं की कळतं. पण काल इथे आंबा होता, असं कुणी म्हटलं की झालं. विश्वास ठेवायचा की नाही, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. पहिल्या वर्षी फक्त वर्तमानकाळ होता. आता भूतकाळ सुरू होणार."

"आणि याचा उपयोग?"

"तुमचं सगळं कोर्ट भूतकाळावरच चालतं की, वकीलसाहेब."

सभा हसली आणि वकिलांनाही हसावं लागलं. मास्तर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या वर्षाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची तेही त्यांनी सांगून टाकलं. मुलं पहिल्यापेक्षा जास्त चुका करतील, कमी केल्या तर मला येऊन सांगा. मधूनच गप्प गप्प होतील, तेव्हा अंगारे-धुपारे करू नका. वर्गात मराठीचा एक शब्दही चालणार नाही. आणि वर्षाच्या शेवटी मुलं त्या भाषेत विचार करणार नाहीत, पण त्या भाषेत गप्पा मारतील. एवढं बोलून ते खाली बसले.

मी तेव्हा रोह्याहून नुकताच त्या शाळेत गणित शिकवायला लागलो होतो. नागावच्या पुढे, नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये आमची खाजगी शाळा होती. मॅट्रिकला संस्कृत घ्या नाहीतर फारसी घ्या, अशी तेव्हाची पद्धत. स्पॅनिश कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मास्तर मुळात इंग्रजीचे शिक्षक. पण शाळा सुटल्यावर चार-पाच मुलांना घेऊन ते ही भाषा शिकवत बसत. फी नाही, परीक्षा नाही, त्यामुळे हेडमास्तरांना नको म्हणायला कारण सापडत नसे.

त्या सभेनंतर मी त्यांना गाठलं आणि वर्गात बसू का विचारलं. माझं पहिलं वर्ष झालेलं नव्हतं.

"साबण म्हणता?" त्यांनी विचारलं.

"म्हणतो."

"पाव? बटाटा? तंबाखू? पगार?"

"पगार तर फारच म्हणतो."

"मग निम्मं झालं. पोर्तुगीजांनी ठेवून दिलेलं आहे इथे, थोडं वळवून घ्यायचं. उरलेलं मेच्या सुट्टीत करा."

मी ते खरोखरच केलं. खरं सांगायचं तर भाषेपेक्षा मला त्या माणसाचं कुतूहल जास्त होतं.

ते धोतर नेसत, वर पांढरा कोट घालत, आणि पायात सुतळीच्या तळव्यांचे कापडी जोडे. तिकडे सगळे असलेच जोडे घालतात, असं ते सांगत. तिकडून आणलेला जोड झिजला तेव्हा त्यांनी काथ्या वळून नवे तळवे स्वतःच शिवले. काथ्याचे जोडे घालून वर्गात येणारा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही. कॉफी बिनदुधाची पीत. दुपारच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बाकावर आडवे होत, तोंडावर रुमाल टाकत, आणि घंटा झाली की एखाद्या यंत्रासारखे उठून बसत. त्यावरून हेडमास्तरांनी एकदा टोकलं तेव्हा ते म्हणाले, "तिकडे दुपारी गव्हर्नरसुद्धा झोपतो."

'तिकडे' म्हणजे आफ्रिकेच्या कडेला, अटलांटिक समुद्रातलं स्पेनचं एक बेट. तिथे एका सिंधी शेठची रेशमाची पेढी होती आणि ऐन तारुण्यात मास्तर तिथे हिशेबनीस म्हणून गेले होते. इतकं सगळ्यांना ठाऊक होतं. परत आल्यापासून ते नागावात थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहत. तिला सगळा गाव आक्का म्हणे. आक्कांच्या हातची पानगी मी पुष्कळदा खाल्ली आहे. भाऊ काथ्या वळत ओटीवर बसलेला दिसला की त्या मला म्हणत, "माणूस परत आला म्हणून नारळ फोडला मी. पण सगळा नाही आला हो हा. काहीतरी तिकडेच राहिलंय."

गावातल्या लोकांचे स्वतःचे तर्क होते. कुणी म्हणे तुरुंगात होता, कुणी म्हणे पेढी बुडवून पळाला. मी एकदा सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही परत का आलात?"

"वर्गात विचारा," ते म्हणाले. "भूतकाळ कशासाठी शिकवतोय मी?"

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. मुलं पाचच होती. त्यातली दोन मला चांगली आठवतात. एक द्वारका, सडेतोड आणि हट्टी. दुसरा हसन. त्याच्या घरच्यांचं गलबत मुंबईपासून पार बसऱ्यापर्यंत जाई. आणि या मुलांच्या मागच्या बाकावर मी, त्यांचाच गणिताचा शिक्षक. मुलांना या गोष्टीचा फार आनंद होता. मी चुकलो की हसन मागे वळून बघे, आणि त्या बघण्यात सहामाहीच्या गणिताच्या पेपराचा सगळा सूड असे.

सुरुवात आज्ञार्थानं झाली. मास्तर म्हणाले, आज्ञा शिकायची तर ती दिली पाहिजे, आणि देणार कुणाला? मलाच द्या. मग रोज थोडा वेळ मुलांनी हुकूम सोडायचे आणि मास्तरांनी ते पाळायचे. खिडकी उघडा. खिडकी लावा. डोळे मिटा. गा. ते खरोखरच गात, आणि गळा अगदीच बेसूर होता.

एक दिवस द्वारका म्हणाली, "सुबे!" म्हणजे चढा. आणि बाकाकडे बोट दाखवलं. मास्तर जोडे काढून बाकावर चढले. आमच्या शाळेत बाकावर उभं करणं ही शिक्षा होती, त्यामुळे वर्गात हास्याचा गदारोळ झाला. हसून झाल्यावर लक्षात आलं की 'उतरा' हा शब्द कुणालाच आठवत नाही. खुणेनं सांगितलं तर मास्तर मान हलवत. मराठीत सांगायची सोय नव्हती. मलाही शब्द आठवेना. आम्ही एकमेकांकडे बघतोय, मास्तर छताखाली मान वाकडी करून धीरानं उभे आहेत, अशा वेळी हेडमास्तर दारात आले.

त्यांनी बाकाखालचे जोडे पाहिले, वर मास्तरांना पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, हे काय चाललंय?"

मास्तरांनी त्यांना स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाकाखाली पेन्सिल शोधू लागलो. शेवटी हसनला शब्द सापडला. "बाहा!" तो ओरडला, आणि मास्तर उतरले, जोडे घातले, हेडमास्तरांना नमस्कार केला. तो शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मराठी बोलायचं नाही हा पहिला नियम; दुसरा त्याहून कठीण होता. शब्द अडला तर थांबायचं नाही, वळसा घालायचा. जे शब्द येतात त्यांतूनच वाट काढायची. हसनला एकदा सांगायचं होतं की काल रात्री घरी सोडे घालून भात केला होता. सुकवलेल्या कोळंबीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते त्याला कुठून ठाऊक असणार? घाम पुसत तो म्हणाला, "छोटे. समुद्रातले. मेलेले. उन्हात झोपतात. वास फार वाईट. मला फार आवडतात." मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. कुठल्याही देशात, कुठल्याही बंदरात एवढ्यावर तुला जेवायला मिळेल, असं ते त्याला म्हणाले.

मग भूतकाळ आला. स्पॅनिशमध्ये 'होता'चे दोन प्रकार आहेत. वर्ग सुटल्यावर मास्तर म्हणाले, घाबरू नका, मराठीत पण आहेत. 'मी पोहलो' म्हणजे एकदा पोहलो आणि बाहेर आलो. 'मी पोहायचो' म्हणजे ते चालूच होतं, कधी संपलं ते सांगितलेलं नाही. तिकडचे लोक 'माझ्याकडे होतं' म्हणतानासुद्धा हा फरक करतात. 'तेनिया' म्हणजे होतं, असायचं, चालत आलेलं. 'तुबे' म्हणजे होतं, झालं, मिटलं. कुठलं वापरायचं ते बोलणाऱ्यानं ठरवायचं.

रोज प्रत्येकानं कालचं काहीतरी सांगायचं, आणि इतरांनी प्रश्न विचारायचे. तेव्हा मास्तरांनाही विचारता येई. त्यांनी आम्हाला बेटावरची काळी वाळू सांगितली, केळीच्या बागा सांगितल्या. खाली लोक समुद्रात पोहत असतात आणि त्याच वेळी वर डोंगरावर बर्फ पडलेलं असतं, हेही सांगितलं. ते खोटं आहे असं आम्ही सर्वांनी ठरवलं, आणि पुढे नकाशाच्या पुस्तकात पाहिलं तर खरं निघालं. पण परत का आलात, या माझ्या प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर मिळे. आक्कांच्या पानगीसाठी आलो. समुद्र तिकडचा फार निळा होता, डोळे दुखत. शेठच्या पोपटानं माझं नाव घ्यायला सुरुवात केली. व्याकरण अगदी शुद्ध, आणि गोष्टी साफ खोट्या. मुलं खूश असत. मी आपला घरी जाताना विचार करत राही की एवढं लपवावं असं आहे तरी काय.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते आम्हाला कोर्लईला घेऊन गेले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी ते गाव आहे. तिथले ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांच्या काळापासून घरात स्वतःची वेगळी भाषा बोलतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश शेजारणी आहेत, तेव्हा किती कळतं ते पाहू, असं मास्तर म्हणाले. द्वारकेच्या वडिलांनी मी बरोबर आहे म्हणून परवानगी दिली. होडीत बसताना आमची धांदल बघून तरवाला म्हणाला, "निवांत बसा, मास्तर. पानी आज गरीब हाय."

गावात एक म्हातारी अंगणात मासळी उन्हात घालत बसली होती. मास्तरांनी स्पॅनिशमध्ये नमस्कार केला आणि प्यायला पाणी मागितलं. म्हातारीनं हात थांबवला. डोळे बारीक करून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत वळून सुनेला काहीतरी ओरडली. त्यातला एकच शब्द आम्हाला ऐकू आला, "आग!"

द्वारका दचकून उभी राहिली. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. 'आग्वा' म्हणजे पाणी, या लोकांनी त्याची शेपटी तोडली आणि 'आग' झालं. म्हातारीलाही ते समजलं आणि तीही हसली, तोंडात एकच दात होता.

मग ती दोघं बोलू लागली. तिनं तिचं बोलायचं, यांनी यांचं. अडलं की मास्तर वळसा घालत आणि ती मराठीचा आधार घेई. तिनं यांचं गाव विचारलं, घर विचारलं. मग सहज, जसं कोणतीही म्हातारी विचारते तसं, तिनं विचारलं, पोरंबाळं?

"तुबे उना इहा," मास्तर म्हणाले.

मला एक मुलगी होती.

मासळीवरच्या माशा ऐकू येत होत्या. आम्हा सगळ्यांना वाक्य कळलं होतं. पहिल्या वर्षाला असतो तर कळलं नसतं. पण द्वारकेला राहवलं नाही. तिचा हेतू व्याकरणाचाच होता, मी शपथेवर सांगतो. तिनं हळूच विचारलं, "मास्तर, तुबे की तेनिया?"

"तुबे," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. म्हातारीकडे बघत, पण आमच्यासाठी, कारण सगळं आम्हाला येणाऱ्या शब्दांत होतं. तापाला काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते म्हणाले, अंग गरम होतं. पाण्यात कापड भिजवून आम्ही तिच्या कपाळावर ठेवायचो. कापड लगेच कोरडं व्हायचं. ती छोटी होती. तिला मराठी एकच गाणं यायचं. एका सकाळी अंग गार झालं. हे सारं 'व्हायचं, यायचं' म्हणून चाललेलं, आणि शेवटचं वाक्य दुसऱ्या भूतकाळात. मला आजही वाटतं, इतकं सोपं आणि इतकं बिनचूक मी कुणाकडूनही ऐकलं नाही.

म्हातारीनं पदरानं हात पुसले. तिनं एकच गोष्ट विचारली. तिच्या बोलीत 'आई'चा शब्द आम्हाला ओळखू आला. आणि आई?

मास्तरांनी तोंड उघडलं. ज्या माणसानं आम्हाला कुठेही थांबू दिलं नव्हतं तो माणूस थांबला. त्यांना वळसा सापडेना. अखेर ते मराठीत म्हणाले, "ती आहे तिकडेच. मी निघून आलो. मला ते घर बघवत नव्हतं."

म्हातारी त्यांच्यावर ओरडली. तिच्या बोलीतलं ते सगळं आम्हाला कळलं नाही, पण कळायचं काही राहिलंही नाही. हाताशी असलेली मासळी ती टोपलीत आपटत होती आणि बोलत होती. शेवटी मराठीत म्हणाली, "तुला बघवलं न्हाय. आन् तिला रं? तिला बघवलं व्हय?"

परतताना होडीत हसननं वल्ह्याला हात लावला, तो तरवाल्यानं लावू दिला.

मला वाटलं होतं की वर्ग आता बंद होईल. पण सोमवारी मास्तर नेहमीसारखे आले. फक्त त्यानंतर त्यांनी वर्गात एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. आम्हीही परत का आलात हे पुन्हा कधी विचारलं नाही. शिमग्याच्या सुमारास भविष्यकाळ आला. प्रत्येकानं एक वाक्य करायचं होतं. हसन म्हणाला, मी बसऱ्याला जाईन. द्वारका म्हणाली, मी मुंबईला कॉलेजात शिकेन. हे तिनं घरी अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आधी स्पॅनिशमध्ये म्हणून पाहिलं. पुढे ती शिकली. मग मास्तर खडू ठेवत म्हणाले, "इरे." मी जाईन. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

जाण्यापूर्वी त्यांनी आक्कांना सगळं सांगितलं. लग्न तिकडच्या देवळात झालं होतं. बायको ख्रिस्ती, नावसुद्धा घरात कधी उच्चारलेलं नव्हतं. मास्तर निघेपर्यंत आक्का त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी शिदोरी बांधून दिली, पण ती ओटीवर ठेवली, हातात दिली नाही. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "तिला घेऊन आला तर मी या घरात राहायची नाही. सांगून ठेवते."

पुढचा सगळा पावसाळा गेला, त्यापुढचा उन्हाळाही गेला. मग एक दिवस निरोप आला की मास्तर मुंबईला उतरलेत, रेवसला बोटीनं येतायत, बरोबर माणूस आहे. मी टांगा घेऊन धक्क्यावर गेलो. मनात स्पॅनिश वाक्य जुळवलं होतं, प्रवास चांगला झाला का.

मास्तर फार वाळले होते. त्यांच्यामागून काळ्या कपड्यातली एक उंच बाई फळीवरून उतरली. मी माझं वाक्य म्हटलं. तिचा चेहरा एकदम उजळला आणि ती जे बोलायला लागली ते एखादं गलबत वाऱ्यावर सुटावं तसं. मला एक अक्षर कळलं नाही. माझं तोंड पाहून ती थांबली. मग हळूहळू, बोटं वापरत, छोट्या छोट्या शब्दांत तिनं पुन्हा सांगितलं. समुद्र मोठा होता. मास्तरांकडे बोट करून, तो आजारी होता. मी नव्हते. आम्ही दोघं हसलो.

टांग्यात तिनं एकेका गोष्टीकडे बोट दाखवून नाव विचारायला सुरुवात केली. मी सांगत होतो, नारळ, विहीर, बैल. ती म्हणत होती आणि मास्तर डोळे मिटून ऐकत होते. अलिबाग मागे पडल्यावर तिला नावं पुरेनाशी झाली. तिनं पुढे वाकून मला विचारलं, आले, म्हणजे मी इथे आले, हे कसं म्हणतात?

मी सांगितलं. तिनं ते पुष्कळ वेळा म्हटलं. टांगेवालाही एकदा मागे वळून तिला दुरुस्त करून गेला.

आक्का घर सोडून गेल्या नव्हत्या. ओटीवर खांबाला धरून उभ्या होत्या. मास्तर टांग्यातून उतरायच्या आधीच ती बाई खाली उतरली आणि अंगण ओलांडून पायरीशी जाऊन उभी राहिली. आक्कांकडे वर बघून म्हणाली, "मी आले."

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. पदराच्या टोकाशी त्यांचा हात चाळा करत होता.

"मग उन्हात उभी का?" त्या शेवटी म्हणाल्या. "पाय धू."

तिला ते कळलं नसणार. मी सांगायला पुढे झालो, पण आक्काच पायऱ्या उतरून खाली आल्या. दगडावरची घागर त्यांनी उचलली आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायांवर पाणी ओतलं.